मागचे पॅड

"पुढचे की मागचे?" दुकानदाराने विचारले.

मायक्रॉनना हा प्रश्नच मुळात चुकीचा वाटला. चालत्या गाडीला ब्रेक लावला की तिचे वजन पुढे झुकते, पुढच्या चाकांवरचा भार वाढतो, त्यामुळे गाडी थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे पॅड करतात आणि आधी झिजतातही तेच. सुट्या भागांच्या दुकानात उभे राहून हे कोणाला सांगावे लागू नये, असे त्यांचे मत होते. तरीही त्यांनी ते सांगितले. तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षी शिकवले होते त्याच क्रमाने, आधी जडत्व, मग भार, मग घर्षण. मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने या पायावरचा भार त्या पायावर घेतला.

दुकानदाराने सगळे ऐकून घेतले. "म्हणजे पुढचे," तो म्हणाला आणि काउंटरवर दोन खोकी ठेवली. एक करडे, एक लाल.

करड्या खोक्यात साधे पॅड होते, गाडीबरोबर येतात तसे. लाल खोक्यातल्यांना तो परफॉर्मन्स पॅड म्हणत होता आणि खोक्यावर आगीच्या ज्वाळांचे चित्र होते. हे लावले की गाडी जागच्या जागी खिळते, असे त्याचे म्हणणे पडले. मायक्रॉननी लाल खोके उचलले, डोळ्यांजवळ नेले, मग थोडे डावीकडे सरकवले आणि मान वाकडी करून त्याकडे तिरके पाहू लागले.

ही तिरकी नजर अलीकडची होती. आयुष्यभर त्यांनी बेअरिंगच्या कारखान्यात तपासणी विभागात काम केले होते. केसाच्या जाडीहून लहान चूक ते काढून दाखवत, म्हणून कारखान्याने त्यांना हे टोपणनाव दिले होते, आणि निवृत्तीनंतर ते गल्लीपर्यंत पोचले होते. आता त्यांच्या नजरेच्या बरोबर मध्यभागी धुरकट डाग बसला होता. कडेचे सगळे दिसे. ज्या वस्तूकडे सरळ पाहावे तीच नेमकी नाहीशी होई. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली होती.

"आणा इकडे," शेजारून त्यांची पत्नी म्हणाली आणि खोक्यावरची बारीक अक्षरे वाचू लागली. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केल्यामुळे शेजारीपाजारी त्यांना अजूनही टेलिफोनबाई म्हणत. आवाज असा, की समोरच्याला 'थांबा' म्हटले तर तो उभ्या जागी थांबावा. "लिहिलंय की हे पॅड तापल्यावर पूर्ण पकड घेतात. थंड असताना पकड कमी."

हे मायक्रॉनना माहीत होते. हे पॅड शर्यतीच्या गाड्यांसाठी. घरापासून बाजारापर्यंत रमतगमत जाणाऱ्या गाडीत ते कधी तापणारच नाहीत आणि साध्यापेक्षाही वाईट चालतील. ज्ञान सगळे करड्या खोक्याच्या बाजूला होते. राग मात्र लाल खोक्याच्या बाजूला होता.

राग गेल्या आठवड्यापासूनचा. गेल्या आठवड्यात बाई ड्रायव्हिंगच्या परीक्षेत नापास झाल्या होत्या. सगळे नीट झाले होते. चढावर गाडी मागे गेली नव्हती, उलटी घेताना खांबाला लागली नव्हती. शेवटी पांढऱ्या रेषेपाशी थांबायचे होते, आणि गाडी रेषा ओलांडून हातभर पुढे जाऊन थांबली. परीक्षकाने शेरा मारला, ब्रेकचा अंदाज नाही. मायक्रॉन कुंपणाबाहेर उभे होते. घरी येईपर्यंत ते एकच वाक्य वेगवेगळ्या प्रकारे म्हणत राहिले, की अंदाज बरोबर आहे, पॅड धरत नाहीत. तसेही काही दिवस गाडीला मागून जळका वास येत होता आणि ती थांबताना किंचाळत होती. मायक्रॉनच्या दृष्टीने पुरावा पुरेसा होता.

परीक्षेची दुसरी आणि शेवटची तारीख परवा होती. शेवटची असे सरकारने ठरवले नव्हते, मुलीने ठरवले होते. त्यांचे घर गावाबाहेर, टेकडीच्या पोटाशी. बस सकाळी एकदा येई आणि दुपारी एकदा, तीही ड्रायव्हरच्या मर्जीने. मुलीचे म्हणणे सरळ होते. बाबांना दिसत नाही, आईला चालवता येत नाही, तर गाडी विका, घर बंद करा आणि माझ्याकडे या. तिच्या फ्लॅटमधली एक खोली तिने रिकामी करून ठेवली होती. खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडत होती. आई परवा पास झाली तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही, असे तिने फोनवर कबूल केले होते आणि बाईंनी तिच्याकडून ते दोनदा वदवून घेतले होते.

"लाल द्या," मायक्रॉन म्हणाले.

"अहो, पण आत्ताच तुम्ही—"

"लाल द्या."

दुकानदाराने खोक्याचे सील फोडून पॅड याच गाडीला बसतील याची खात्री करून दिली आणि फोडलेले खोके परत घेतले जात नाही हेही त्याच दमात सांगून टाकले.

गॅरेज दुकानाला लागूनच होते. मेस्त्री मध्यम वयाचा, बडबड्या, हात चालू तसे तोंडही चालू. त्याने पुढची बाजू जॅकवर उचलली, एक चाक काढले, आत डोकावला आणि जुने पॅड काढून मायक्रॉनच्या तळहातावर ठेवले.

मायक्रॉननी डोळ्यांचा भरवसा धरला नाही. अंगठ्याने पॅडची कड चाचपली. मग दुसऱ्याची. थर भरपूर होता. झीज एकसारखी होती, पृष्ठभाग गुळगुळीत, कुठे ओरखडा नाही. तपासणी विभागात असा माल आला असता तर त्यांनी विनातक्रार शिक्का मारला असता. त्यांना याचा आनंद व्हायला हवा होता. उलट ते चिडले. हे पॅड याच चाकातले आहेत ना, असे त्यांनी विचारले. मेस्त्री म्हणाला की साहेब, चाक तुमच्यासमोर काढलं, आता मी काय खिशातून आणून ठेवले का. दुसरे चाक काढा म्हणून ते हटून बसले. दुसऱ्या चाकातही तेच निघाले.

"हे तर अजून वर्षभर हलणार नाहीत," मेस्त्री म्हणाला. "वास मागून येतो म्हणालात ना? मग मागे बघू की."

मागे काही नसणार, असे मायक्रॉननी त्याला समजावले. मागच्या चाकांवर भारच नसतो. मेस्त्री मान डोलावत ऐकत गेला आणि ऐकता ऐकता त्याने मागचे चाक काढलेही.

पॅड जिच्यावर घासतात ती आतली डिस्क निळी पडली होती. लोखंड तापून तापून येतो तसा मोरपिशी निळा. पॅडचा थर जवळपास संपला होता, जो उरला होता तो काचेसारखा चकचकीत झाला होता आणि कडेने कोळशासारखा भुगा निघत होता. मेस्त्रीने तो जळका तुकडा मायक्रॉनच्या हातात दिला नाही. बाईंना दाखवला.

"काकू, हँडब्रेक काढायला विसरता वाटतं," तो म्हणाला. "ओढलेलाच ठेवून गाडी चालवता. मागची चाकं बिचारी घासत येतात घरापर्यंत."

लाल खोक्याचे काय झाले ते पाहायला दुकानदार तोवर दारात येऊन उभा राहिला होता. शिकताना होतंच तसं, तो म्हणाला. त्याच्या मेव्हणीने तर हँडब्रेक ओढून अख्खा घाट चढवला होता आणि वर पोचल्यावर गाडीतून धूर निघतोय म्हणून पाणी मारले होते. मेस्त्री हसला. दुकानदार आधीपासून हसतच होता.

मायक्रॉन हसले नाहीत. मागच्या चाकांवर ब्रेकच्या पायाबरोबर हँडब्रेकची तारही येते. तार ताणली गेल्याशिवाय फक्त मागचे पॅड असे जळणार नाहीत. आणि तार कोणी ताणली हे त्यांच्या उजव्या हाताला ठाऊक होते.

गेले तीन महिने ते रोज बाईंच्या शेजारी बसत होते. ड्रायव्हिंग स्कूलचा माणूस पहिल्याच दिवशी क्लचबद्दल काहीतरी अशास्त्रीय बोलला म्हणून त्यांनी त्याला रजा दिली होती आणि शिकवणी स्वतःकडे घेतली होती. समोरचा रस्ता त्यांना दिसत नसे, फक्त कडा दिसत. कडेने झाडे वेगाने येऊ लागली की त्यांचा श्वास अडके. दोन आसनांच्या मधला तो दांडा हाताशीच होता. टोकाचे बटण दाबून धरायचे, म्हणजे कटकट आवाज होत नाही, आणि हलकेच, अगदी हलकेच दांडा उचलायचा. गाडी किंचित दबे. त्यांचा श्वास सुटे. ते हे एखाद्या वेळीच करतात, अशी त्यांची समजूत होती. समोरची निळी डिस्क ती समजूत खोटी ठरवत होती.

त्यांनी तोंड उघडले. पण दुकानदाराच्या मेव्हणीची गोष्ट अजून चालू होती, आणि ती संपायच्या आतच बाई म्हणाल्या, "होत असेल तसं. काढून टाका जुने. मागचे नवे घाला, साधे."

एवढेच. मेस्त्री मागच्या पॅडचे करडे खोके आणायला दुकानदाराबरोबर गेला. पुढे काढलेले चांगले पॅड त्याने जाता जाता पुन्हा जागेवर बसवून टाकले होते.

गॅरेजच्या भिंतीला एक जुने मागचे सीट टेकवून ठेवले होते, गिऱ्हाइकांनी बसायला. दोघे त्यावर बसले. लाल खोके मायक्रॉनच्या मांडीवर होते, निरुपयोगी. बराच वेळ ते त्या खोक्याची कड नखाने उकलत राहिले.

"तू गप्प का बसलीस?" शेवटी त्यांनी विचारले.

"काय बोलायला हवं होतं?"

"तू हँडब्रेक एकदाही विसरली नाहीस. मी रोज तपासायचो."

"हो. माहितीये."

मायक्रॉननी मान वळवली. बाईंचा चेहरा पाहायचा असेल तर त्यांना आता बाईंच्या कानाकडे पाहावे लागे. सरळ पाहिले की चेहरा विरून जाई. त्यांनी कानाकडे पाहिले. त्यांना दिसला तो चेहरा रागावलेला नव्हता. तसे असते तर बरे झाले असते.

"काय माहितीये?"

"अहो, दिवा लागतो ना," बाई म्हणाल्या. "तुम्ही दांडा उचलला की माझ्यासमोर लाल दिवा लागतो. स्टिअरिंगच्या मागे. बटण दाबा नाहीतर न दाबा, तो लागतोच."

तो दिवा असतो हे मायक्रॉनना अर्थातच ठाऊक होते. कुठली तार कुठून कुठे जाते तेही ते सांगू शकले असते. पण गेल्या तीन महिन्यांत तो त्यांना एकदाही दिसला नव्हता, आणि जे दिसत नाही ते त्यांच्या हिशेबातून कधी निसटले हे त्यांना समजले नव्हते.

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवशी दोनदा लागला. मग वाढत गेला. गेल्या महिन्यात तर दिवाळखोर दुकानाच्या पाटीसारखा, कधी चालू कधी बंद." त्यांनी पदराने हातावरची काजळी पुसली. "पहिल्यांदा राग आला. मग म्हटलं, असू दे. दिवसभर तुमच्या हाताला काही कामच नसतं."

मायक्रॉनचे नख खोक्याच्या कडेवर थांबले.

"मला वाटलं, त्यानं काही बिघडत नाही," बाई पुढे म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. "पण बिघडलं. माझा पाय अर्धाच ब्रेक दाबायला शिकला. उरलेला अर्धा तुम्ही ओढायचात. परीक्षेत तुम्ही बाहेर होतात. मी नेहमीइतकाच दाबला आणि गाडी रेषेच्या पुढे गेली. तिथं, त्या रेषेवर बसल्या बसल्या कळलं मला."

"मग सांगितलं का नाहीस? आठवडा झाला."

"तुम्ही पॅडना शिव्या देत होतात. मला देत नव्हतात. म्हटलं, चालू दे."

मेस्त्री करडे खोके घेऊन परत आला आणि कामाला लागला. मायक्रॉन उठले. जमिनीवर पसरलेल्या पान्यांना पाय लागू नये म्हणून जमिनीच्या कडेकडे पाहत त्याच्यापर्यंत गेले आणि स्पष्ट शब्दांत म्हणाले की हँडब्रेक त्या विसरत नव्हत्या, चालत्या गाडीत मी ओढत होतो.

मेस्त्रीने डोके वर काढले. दोघांकडे आळीपाळीने पाहिले. मग त्याचा चेहरा समजूतदार झाला.

"साहेब," तो म्हणाला, "असं बायकोचं स्वतःवर घेणारे नवरे राहिले नाहीत आता. माझी चूक असली तरी मी तिच्यावर ढकलतो."

मायक्रॉननी पुन्हा सांगितले. त्यांनी तारेचे सांगितले, बटणाचे सांगितले, दोन आसनांच्या मधल्या दांड्याचे सांगितले. जितके नेमके सांगावे तितका मेस्त्री अधिक खात्रीने मान डोलावू लागला. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या चुका कागदावर सिद्ध करून दाखवल्या होत्या आणि कोणी हरकत घेतली नव्हती. स्वतःची एक चूक मात्र त्यांना सिद्ध करता येईना. भिंतीजवळून बाई म्हणाल्या, "राहू द्या हो. काम करू द्या त्यांना." मेस्त्री हसून पान्याकडे वळला.

काम झाले. मेस्त्रीने पेडल दाबून पाहिले, चाके फिरवून पाहिली. नव्या पॅडना डिस्कची सवय व्हावी लागते, पहिले काही किलोमीटर एकदम जोरात ब्रेक लावू नका, असे त्याने बाईंना बजावले. मायक्रॉन सवयीने डावीकडच्या पुढच्या दाराकडे निघाले.

"अहो," बाई म्हणाल्या. "मागे बसा."

त्यांनी हुकूम सोडला नव्हता. एक्स्चेंजमध्ये त्या असेच बोलत असणार. समोरच्याला खांब, तारा, बटणे काहीच दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो आणि तो ऐकावा लागतो. मायक्रॉन दाराच्या मुठीवर हात ठेवून उभे राहिले. मागच्या सीटवर ते या गाडीत कधीच बसले नव्हते. तिथे मुलगी बसे, नंतर नात बसे, पिशव्या बसत. त्यांनी मूठ सोडली आणि मागचे दार उघडले.

गावाबाहेरच्या सरळ रस्त्याला लागल्यावर त्यांनी पुढच्या दोन आसनांमधून मान पुढे घातली आणि नव्या पॅडना डिस्कची सवय कशी लावायची ते सांगायला सुरुवात केली. वेग घ्यायचा, पेडल हळूहळू दाबत वेग कमी करायचा, पण पूर्ण थांबायचे नाही; पुन्हा वेग, पुन्हा कमी; मध्ये थोडा वारा लागू द्यायचा, म्हणजे थर एकसारखा—

"लाइन बिझी आहे," बाई म्हणाल्या. "मागे टेकून बसा."

ते टेकून बसले.

बाई बोलत नव्हत्या, पण करत तेच होत्या. गाडीने वेग घेतला. मग पुढे कुठेतरी पाय दाबला गेला. गाडी पहिल्यांदा जरा अडखळली. दाब जास्त झाला होता. मायक्रॉनचा उजवा हात पुढे गेला आणि पुढच्या सीटच्या पाठीवर आपटून थांबला. तिथे दांडा नव्हता. दुसऱ्या वेळी दाब कमी पडला आणि गाडी ओणवी होऊन तशीच घरंगळत राहिली. कडेचे खांब येत होते. त्यांनी हात मांडीखाली घातला. तिसऱ्या वेळी ठीक झाले. नंतर त्यांनी मोजायचे सोडून दिले. समोर काय येत आहे हे पाहायचेही सोडून दिले, कारण ते दिसत नव्हतेच. ते बाजूच्या काचेतून पाहू लागले. बाजूचे त्यांना चांगले दिसे. शेताच्या कडेची जाळी, एक सायकल टेकवलेली, कोणाच्या तरी अंगणात वाळत घातलेल्या चादरी. इतकी वर्षे या रस्त्याने येऊन या चादरींचे घर त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. तेव्हा ते समोर बघत असत.

जळका वास येत नव्हता. किंचाळीही नव्हती. त्यांना बोलावेसे वाटले, की बघ, आवाज गेला. पण ते बोलले नाहीत.

मग काचेतून एक ओळखीची भिंत सरकत आली, तिच्यावरची वेल सरकत आली, आणि वेल सरकायची थांबली. आणखी क्षणभर गेल्यावर मायक्रॉनच्या लक्षात आले की गाडी थांबली आहे. त्यांना धक्का बसला नव्हता, साधे डोकेही पुढे झुकले नव्हते. कधी थांबली, ते त्यांना सांगता आले नसते.

"पोचलो," बाई म्हणाल्या. त्यांनी इंजिन बंद केले, दांडा ओढला. कटकट असा पूर्ण, मोकळा आवाज झाला.

मायक्रॉननी लाल खोके उचलले आणि दाराची मूठ खेचली. दार उघडले नाही. पुन्हा खेचली. मग त्यांना आठवले की मागच्या दारांना आतून न उघडणारे कुलूप त्यांनी स्वतःच लावले होते, नात चालत्या गाडीत मुठीशी खेळे म्हणून.

त्यांनी हाक मारली नाही. खोके मांडीवर ठेवून ते सरळ बसले आणि बाईंची पावले गाडीला वळसा घालून येण्याची वाट पाहत राहिले.